दम धरा

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागं
एका मोतीवाल्याच्या डागडुजी केलेल्या घरात
भिंतभर समुद्र आहे. पाण्याचा नाही.
समोर पितळी तबकडी. तिच्यावर तळहात ठेवायचा
आणि श्वास रोखायचा.
जितका वेळ रोखाल तितका समुद्र खाली उतरतो,
आणि यंत्र तळ रचत जातं,
प्रत्येकाचा वेगळा,
आधी येऊन गेलेल्यांच्या श्वासांतून
थोडं थोडं उचलून.

पाटी अरबीत आहे, इंग्रजीत आहे.
परवा पेणचं एक कुटुंब आलं.
आजोबा पाटीपुढं अडकले तेव्हा मी म्हटलं,
काका, दम धरा.
ते म्हणाले, धरलाय की मघापासून,
आमचा नंबर कधी?
दोघंही हसलो. मला लवकर थांबावं लागलं.
हसण्यामागून खोकला येतो.

हिद्दच्या गोदीत तेवीस वर्षं
जहाजांच्या पोटाला रंग मारला.
मास्क होता. त्याचा फिल्टर बदलायचा दिवस
नेहमी पुढच्या गुरुवारी.
मग डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला
आणि म्हणाला, हलकं काम बघ.
हे ते हलकं काम:
तबकडी पुसणं, रांग लावणं,
पोरांना सांगणं की नाक दाबलेलं चालत नाही.

हेसा, जिनं हे सगळं घडवलं,
रोज सकाळी लॅपटॉप उघडते आणि म्हणते,
मोरेश, टेस्ट.
दिवसाचा पहिला श्वास माझा.
एकोणीस सेकंद.
शेवाळी हिरवं पाणी, बारक्या माशांचा थवा
एकदा वळतो, संपलं.
काळोखापर्यंत मी कधी पोचलो नाही.
पोचला तो पोलीस बँडातला ट्रंपेटवाला,
दोन मिनिटं अकरा सेकंद.
त्याला यंत्रानं अगदी तळाशी
एक बंद शिंपला दाखवला.
तो उघडलाच नाही. त्यावरून तो चिडलासुद्धा.

दीड महिन्यानंतर सगळ्यांच्याच समुद्रात
वरून खालपर्यंत एक तांबूस रेघ दिसू लागली.
सरळ नाही, मधेच थरथरणारी.
लोक म्हणाले, हा बुडी मारणाऱ्याचा दोर.
वाटाड्यानं लगेच गोष्ट जोडली:
खाली बुडणारा, वर दोर धरणारा,
झटका बसला की ओढायचं.
तिच्यासोबत फोटो काढायला वेगळी रांग लागली.

हेसानं शोधून काढलं.
म्हणाली, रोज सकाळचा तुझा श्वास आहे हा, मोरेश.
तुझी घरघर.
यंत्राला वाटतंय समुद्राची सुरुवात अशीच होते.
चूक आहे, काढून टाकते.
मी मान हलवली. समुद्र तिचा.

रात्री रेवतीचा फोन.
गोदीचा हिशेब कधी मिळणार?
मी म्हटलं, जरा दम धर.
ती म्हणाली, अठरा वर्षं धरलाय,
विचारा तुमच्या यंत्राला,
किती खोल गेले मी.
मग म्हणाली, जेवलात का.

आज संध्याकाळी गल्लीतलाच एक म्हातारा आला,
नातवाचा हात धरून.
पोरानं तबकडीवर तळवा टेकवला, गाल फुगवले.
म्हातारा भिंतीकडं बघत नव्हता असं वाटलं,
पण रेघ उतरू लागली तशी
त्यानं काठी काखेत घेतली,
दोन्ही हात पुढं केले,
आणि हवेत, हळूच, सैल सोडत गेला.
बोटांना सवय असावी. किंवा बापाचं बघितलेलं.
पोराचा दम सुटला, पाणी वर आलं,
त्याचे हात तसेच.
हेसा मागं उभी होती.

आता लॅपटॉप उघडाच आहे बराच वेळ,
निळा उजेड तिच्या चष्म्यावर.
तिनं रेघ पुसली की ठेवली, विचारलं नाही.
सकाळी हात ठेवीन तेव्हा कळेल.
वरच्या गच्चीचं दार लावून यायचंय.
सव्वीस पायऱ्या.
तेराव्या पायरीवर मी थांबतो.